दोन मॅच खेळलेली बॅट

पोपटी लावली की मडकं शिजेपर्यंत अर्धा-पाऊण तास कुणाला काही काम नसतं. आमच्या तळा तालुक्यात जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की क्रिकेटवाल्या पोरांच्या रात्री शेताच्या कडेला अशाच जातात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, वर्गणी बरी जमली असेल तर कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा नि पातेरा पेटवायचा. आत शेंगा शिजतात आणि बाहेर दिवसभराच्या मॅचचा पंचनामा चालतो.

अशाच एका रात्री एका पोराने बॅट पुढे केली. "दादा, कुणाला घ्यायची असेल तर सांगा. दोनच मॅच खेळलोय."

बॅट हातोहात फिरली. प्रत्येकाने ती उचलली, दोनदा हवेत फिरवली आणि बोटाच्या पेराने मधोमध ठोकून पाहिली. "आवाज चांगलाय," एक म्हणाला. माझ्याकडे आली तेव्हा मनगटानेच सांगितलं की ही बाराशे ग्रॅमच्या खाली नाही. इंग्लिश विलो, सरळ रेषांचं गोरंपान लाकूड, चार बोटं जाडीची पाठ. साडेआठ हजाराला घेतलेली. पोरगा पंचावन्न किलोचा, आमच्या गावच्या संघात तिसऱ्या नंबरला जाणारा. दोन मॅचमध्ये त्याच्या रन किती झाल्या ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही वेळा बॉल बॅटच्या वरच्या कडेला लागून विकेटकीपरच्या डोक्यावर उडाला होता.

"दोन मॅच खेळलेली" हे शब्द दर हंगामात मी तीन-चार वेळा ऐकतो. मनापासून आवडलेली वस्तू दोन मॅचनंतर कुणी विकायला काढत नाही. म्हणून हा लेख, बॅट घ्यायला निघालेल्यांसाठी आणि घेऊन पस्तावलेल्यांसाठी. सल्ला देण्याचा मला अधिकार एवढाच की मीही पस्तावलेला आहे.

दिवाळीचा बोनस हातात, सोबत मुंबईला नोकरीला असलेला मावसभाऊ, आणि मुंबईतलं खेळाच्या सामानाचं एक मोठं दुकान. दुकानात शिरताना मला टेनिस बॉलच्या मॅचसाठी बॅट हवी होती. बाहेर पडताना हातात टीव्हीवरच्या खेळाडूच्या हातात असते तसली बॅट होती. मधे काय झालं ते दुकानात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आरशासमोर उभं राहून एक कव्हर ड्राइव्ह मारला, तो आरशात सुंदर दिसला. दुकानदाराने "कुठल्या बॉलने खेळता?" असं विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. खरं तर मला थोडी लाज वाटली. टेनिस बॉल म्हटलं की तो मला कोपऱ्यातल्या रॅककडे नेईल, असं वाटलं.

त्याने मला कोपऱ्यातल्या रॅककडे न्यायला हवं होतं.

कारण पहिला प्रश्न बॉलचाच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. क्रिकेटच्या लेदर बॉलचं १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे एक बॉल दुसऱ्याच्या जवळजवळ पावणेतीन पट. मधे हार्ड टेनिस म्हणून विकले जाणारे जाड सालीचे बॉल असतात, ते साध्या टेनिसपेक्षा जड आणि लेदरपेक्षा हलके. लेदरची बॅट जड का असते, तर समोरून येणारा दीडशे ग्रॅमचा गोळा बॅटीला मागे ढकलतो, त्याला तोंड द्यायला मागे लाकूड लागतं. टेनिस बॉल बॅटीला फारसं ढकलतच नाही. शाळेतलं पदार्थविज्ञान आठवून ढोबळ हिशेब केला तर, बॅट त्याच वेगाने फिरली असं धरून, १००० ग्रॅमऐवजी १२०० ग्रॅमची बॅट वापरल्याने टेनिस बॉलचा वेग जेमतेम एका टक्क्याने वाढतो. लेदरचा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. आणि "त्याच वेगाने फिरली असं धरून" हीच यातली ग्यानबाची मेख आहे. २०० ग्रॅम जास्त घेऊन पंचावन्न किलोच्या पोराचा हात त्याच वेगाने फिरत नाही. तो पाच टक्क्यांनी जरी मंदावला तरी एक टक्का मिळवून पाच टक्के घालवले. वर वेळ चुकते ती वेगळीच.

हे मला कुणी सांगितलं असतं तर बोनसचे पैसे वाचले असते. पण आमच्या मैदानावर उलटंच शास्त्र चालतं, आणि त्याला कारणही आहे. आमची मैदानं म्हणजे भात कापून झाल्यावरची शेतं. मधले एक-दोन बांध फोडायचे, खेळपट्टीपुरती माती टाकून, पाणी मारून रोलर फिरवायचा. ज्याने वाल पेरलाय तो शेत देत नाही, म्हणून मैदान कधी चौकोनी नसतंच. खेळपट्टी सोडली तर सगळीकडे भाताची धसकटं. जमिनीलगत मारलेला बॉल धसकटांत अडकून वीस पावलांवर मरतो. चौकार जमिनीवरून मिळत नाही, म्हणून जो तो उचलून मारतो. मॅच चार-पाच षटकांची, त्यात टिकून खेळायला वेळ कुणाला? मग पोरांना वाटतं की सिक्स मारायचा तर बॅट जड हवी. पण आमच्याकडची हद्द म्हणजे पलीकडचा बांध. अनेक ठिकाणी तो पन्नास-पंचावन्न मीटरवर असतो. मधोमध लागलेला बॉल हलक्या बॅटनेही तिथवर जातो. जात नाही तो मधोमध न लागलेला.

जड बॅटचं वेड आलं कुठून, तर सचिनकडून. त्याची बॅट तीन पौंडांच्या पुढची, म्हणजे साडेतेराशे ग्रॅमहून जास्त, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्याच पिढीला ब्रॅडमनची बॅट दोन पौंड दोन औंसांच्या आसपासची, म्हणजे साधारण ९६५ ग्रॅमची होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४. क्रिकेटच्या नियमांत बॅटची लांबी ९६.५२ सेंटिमीटर, रुंदी १०.८, आणि २०१७ पासून जाडी ६.७ व कड ४ सेंटिमीटर अशी हद्द आहे. वजनाला हद्द नाही. नियमाने ते खेळाडूच्या अकलेवर सोडलंय.

ठाण्याला २०२४ च्या मार्चमध्ये टेनिस बॉलची मोठी लीग झाली, दहा-दहा षटकांची, दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये, टीव्हीवर दिसणारी. तेव्हापासून आमच्या पोरांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण त्या चमकेचा पहिला फायदा दुकानदाराला होतो. आपण अजून जे झालो नाही त्याची बॅट आपण आज विकत घेतो.

हा रोग फक्त बॅटवाल्यांचा नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात खारघरला सिडकोने गोल्फचं मैदान केलंय. आमचे एक नातलग निवृत्त झाल्यावर तिथे जायला लागले. डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, त्यांनी चालण्याला गोल्फ जोडला. महिन्याभरात त्यांनी काठ्यांचा आख्खा संच आणला. पातळ, धारदार, चकचकीत लोखंडी पात्यांचा. गोल्फवाले त्याला ब्लेड म्हणतात. मुरलेले खेळाडू असली पाती वापरतात, कारण बॉल नेमका मधल्या चिमूटभर जागेवर लागला तर त्यातून हवी तशी कला दाखवता येते. जरा इकडेतिकडे लागला की हाताला झिणझिण्या आणि बॉल झाडीत. नवशिक्याला हवं असतं मागून पोकळ केलेलं, वजन सगळं कडेला नेलेलं पातं. चुकीच्या जागी लागलं तरी ते फारसं वळत नाही. अमेरिकेत पिंग कंपनी काढणाऱ्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने १९५९ मध्ये आपल्या पहिल्या पटरमध्येच वजन असं दोन टोकांना नेलं होतं, आणि पुढे तीच कल्पना लोखंडी काठ्यांत आली. आमच्या नातलगांचा संच आता दिवाणखान्यात उभा असतो. पाहुण्यांना आवडतो.

हे गोल्फपुराण लावलं त्याला कारण आहे. १९७४ मध्ये ग्रे-निकल्स या इंग्लिश कंपनीने पाठ कोरून काढलेली 'स्कूप' बॅट बाजारात आणली, ती हाच विचार घेऊन. मधलं लाकूड काढा, वजन कडांना ठेवा, म्हणजे मधोमध न लागलेल्या बॉललाही न्याय मिळेल. आज तळा तालुक्यातल्या कुठल्याही मैदानावर पाठीत होडीसारखी खोबण असलेल्या ज्या टेनिसच्या बॅट दिसतात, त्यांचं घराणं हे. खोबणीमुळे बॅट जाड राहून हलकी होते. ज्या बॅटला आम्ही "गावठी" म्हणून नाक मुरडतो, ती आमच्या खेळासाठी नीट विचार करून घडवलेली आहे. मला हे कळलं तेव्हा माझी गोरीपान इंग्लिश विलो माळ्यावर जाऊन तीन वर्षं झाली होती.

आणि साधन साधं असलं म्हणून खेळ अडत नाही, याला गोल्फमधलाच दाखला आहे. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी शेजारच्या वस्तीतल्या गल्ल्यांत आपलं गोल्फ सुरू केलं. काठी म्हणजे वाकवलेली सळई, बॉल प्लास्टिकचा, भोक म्हणजे गल्लीतला खड्डा. आम्ही लहानपणी माडाच्या झावळीच्या देठाला बॅट म्हणत होतो, त्यातलाच प्रकार. हे वाचून कुणी सळईने खेळायला लागावं असं माझं म्हणणं नाही.

मग घ्यायची कशी?

दुकानात जायच्या आधी एक प्रयोग करा. त्याला खर्च दहा रुपयांचा. संघातल्या कुणाच्याही बॅटच्या पुढच्या बाजूला टाल्कम पावडर नीट चोळा, पातळ आणि सगळीकडे सारखी. मग आपल्याच मैदानावर, आपल्याच बॉलने, मित्राला वीस-पंचवीस बॉल टाकायला सांगा. अगदी सावकाश नको, मॅचमध्ये टाकतो तसे. प्रत्येक फटक्याचा पावडरमध्ये गोल डाग पडतो. शेवटी बॅट उन्हात धरून बघा. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटत होतं की मी मधोमध खेळतो. डाग सगळे खाली, बुडापासून चार बोटांत आणि बाहेरच्या कडेला. वीस वर्षं मला कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण बॉल जात होता तेवढा जात होता.

हे डाग तुम्हाला दोन गोष्टी सांगतात. एक, तुमचे फटके एका जागी पडतात की बॅटभर विखुरतात. विखुरत असतील, आणि आपल्यापैकी दहातल्या आठांचे विखुरतात, तर तुम्हाला पसरट, कडा जाड असलेली, हलकी बॅट हवी. अगदी मोजक्या जागेवर सगळं वजन एकवटलेली बॅट तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही महाग असो. दोन, डाग वर आहेत की खाली. टेनिस बॉल टणक जमिनीवर चांगलाच उसळतो. पण सकाळी दवाने खेळपट्टी ओलसर असते तेव्हा तोच बॉल खाली राहतो, आणि दुपारी ऊन तापलं की कमरेपर्यंत येतो. शिवाय आमच्याकडचे बॉलर यॉर्करचे भुकेले. तुमचं मैदान कसं आहे त्यावर बॅटचं मिडल, म्हणजे बॉल सगळ्यात जोरात जातो ती जागा, खाली हवं की वर ते ठरतं. मुंबईत काँक्रीटवर खेळणाऱ्या चाकरमानी मावसभावाचा सल्ला इथे लागू पडेलच असं नाही.

दुकानात जाताना खिशात आपला बॉल घेऊन जा आणि पहिल्या वाक्यात सांगा, "या बॉलने खेळतो." लाजू नका, मी लाजलो त्याचा हिशेब वर दिलाच आहे. मग वजन विचारा. किराणा दुकानात असतो तसला डिजिटल काटा असेल तर उत्तम. "हलकी आहे, जड आहे" हे शब्द दुकानात काही कामाचे नाहीत, ग्रॅम विचारायचे. साध्या टेनिसला मोठ्या माणसाला ९०० ते १०५० ग्रॅम पुरतात. हार्ड टेनिसला शंभरएक ग्रॅम वाढवा. लेदरला बहुतेक जण ११३० ते १२०० च्या दरम्यान खेळतात.

पण वजन म्हणजे सगळं नव्हे. एकाच वजनाच्या दोन बॅट हातात घेऊन बघा, एक उचलताना पिसासारखी वाटेल आणि दुसरी बुडाकडे ओढेल. वजन कुठे साठलंय त्याचा हा फरक. याला खेळाडू पिकअप म्हणतात. तपासायची सोपी रीत अशी. फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्याने खेळणाऱ्याने डाव्या हाताने, मुठीच्या टोकाशी बॅट धरा, हात समोर सरळ करा आणि बॅट आडवी ठेवून सावकाश दहा आकडे मोजा. मनगट खाली झुकायला लागलं तर बॅट परत ठेवा. त्याच हाताने स्ट्रेट ड्राइव्हसारखा एक सावकाश फटका फिरवा, बॅट वाटेत डगमगता कामा नये. दुकानात हे करताना लोक बघतात. बघू द्या. आणि आरशासमोर कव्हर ड्राइव्ह मारायचा नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण "इंग्लिश" या शब्दाला आम्ही फार भुलतो. इंग्लिश विलो मऊ, हलकं, लेदर बॉलला झेप देणारं. कश्मीर विलो जास्त घट्ट, जड आणि दणकट. काश्मीरमध्ये श्रीनगर-जम्मू महामार्गावर संगम, बिजबेहारा, हलमुल्ला या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना विलोच्या फळ्यांच्या चवडी वाळत ठेवलेल्या असतात, आपल्याकडे भाताच्या उडव्या असतात तशा. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानचे काही खेळाडू कश्मीर विलोच्या बॅट घेऊन उतरले होते. टेनिस बॉलला कश्मीर विलो पुरून उरतं. इंग्लिश विलोचा मऊपणा लेदरसाठी असतो, त्याची जास्तीची किंमत टेनिस बॉल वसूल करू देत नाही.

वर इंग्लिश विलोचे लाड असतात. तिला जवसाचं कच्चं तेल पातळ चोळावं लागतं, मग लाकडी हातोडीने पुढची बाजू नि कडा हळूहळू ठोकून लाकडाचे तंतू दाबावे लागतात. याला नॉकिंग म्हणतात, आणि ते काही मिनिटांचं नाही, काही तासांचं काम असतं, थोडं थोडं करून आठवडाभर पुरणारं. माझ्या बॅटवर "खेळायला तयार" असा स्टिकर होता. मी स्टिकरवर विश्वास ठेवला. तिसऱ्या मॅचमध्ये हार्ड टेनिसचा एक यॉर्कर बुडावर बसला आणि बुडापासून दोन बोटं लांबीची चीर वर गेली. त्या रात्रीच्या पोपटीला मी गेलो नाही.

मुलांची बॅट हा वेगळा, आणि जास्त दुखरा विषय. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा ही आपली रीत, पैसे वाचतात. बॅटही तशीच घेतली जाते. आठवीतला पोरगा, उंची पाच फुटाला दोन इंच कमी, आणि हातात मोठ्यांची शॉर्ट हँडल, कारण "पुढे चालेल". शर्ट सैल असला तर मुलगा गबाळा दिसतो एवढंच. बॅट मोठी असली तर त्याचा हात बिघडतो. वजन पेलायला तो खालचा हात घट्ट धरतो, कोपर पोटाशी येतं, सरळ बॉलही तो आडवा ओढायला लागतो. दोन वर्षांनी अंग वाढतं, बॅट मापाची होते, पण आडवा ओढण्याची सवय तशीच राहते. मुलांच्या बॅटला १ ते ६ असे क्रमांक असतात, त्यापुढे हॅरो, मग मोठ्यांची. क्रमांक उंचीवर जातो, वयावर नाही. साधारण पावणेपाच ते पाच फुटाच्या मुलाला ५ नंबर, त्याहून तीन-चार इंच उंचाला ६, साडेपाच फुटाच्या आसपास हॅरो संपून मोठी बॅट सुरू. मुलगा मापाबाहेर गेला की बॅट धाकट्या भावाला, नाहीतर वाडीतल्या दुसऱ्या मुलाला. पुस्तकं आपण अशीच फिरवत होतो.

घेण्याआधी उसनी बॅट घेऊन चार मॅच खेळता आलं तर सगळ्यात बरं. आमच्याकडे ते अवघड नाही, क्रीजवर जाताना नॉन-स्ट्रायकरची बॅट मागून घेणं हे रोजचं. फक्त आवडली तर त्या बॅटचं वजन काट्यावर करून घ्या, आठवणीवर राहू नका. खरेदी चषकाच्या आदल्या दिवशी करू नका. ऑक्टोबरात, भात उभं असताना करा, म्हणजे परत करायला, बदलून घ्यायला वेळ असतो. घरपोच मागवत असाल तर खोका उघडल्या उघडल्या, प्लास्टिक न फाडता, काट्यावर ठेवा. लिहिलेल्या वजनापेक्षा ती बरीच जड निघाली तर त्याच दिवशी परत. आज नको, रविवारी बघू, असं म्हणून एक नेट खेळलात की ती तुमची झाली.

आता जे आधीच पस्तावलेत त्यांच्यासाठी. पहिली चूक मी केलेली सांगतो. मी चीर पडलेली बॅट सुताराकडे नेली आणि म्हटलं, तासून हलकी करून दे. त्याने बॅट उलटसुलट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लाकूड कोणी दिलं तुम्हाला एवढं मऊ?" रंधा मारायला सोपं पडलं म्हणून त्याने मुठीखालच्या खांद्यांवरून नव्वदएक ग्रॅम काढले. वजन उतरलं, पण वरचं लाकूड गेल्याने उरलेलं सगळं बुडाकडे झालं आणि बॅट पहिल्यापेक्षा जास्त जड लागायला लागली. सुताराची चूक नव्हती, त्याला मी खाट करायला सांगितली असती तर त्याने सुंदर केली असती. चीर मात्र त्याने फेविकॉल भरून, दोऱ्याने आवळून चांगली जुळवली.

तासण्यापेक्षा उलटा उपाय आधी करा. मुठीवर एक जादा रबरी ग्रिप चढवा. चाळीस-पन्नास ग्रॅम वाढतील, पण ते हातापाशी वाढतात, त्यामुळे बूड हलकं वाटायला लागतं. मूठ जाड होऊन बोटं मिटेनाशी झाली तर जुनी ग्रिप काढून एकच जाड ठेवा. दोन-तीनशे रुपयांत एवढ्याने काम भागलं तर नशीब. नाही भागलं तर बॅट ज्या खेळासाठी आहे त्या खेळात पाठवा. आमच्या पोरांचे मामे-चुलतभाऊ पनवेल, डोंबिवली, विरारला लेदर खेळतात, त्यांना ती हवी असते. विकताना खरं सांगायचं. "जड पडली म्हणून विकतोय" असं सांगितल्याने भाव उतरत नाही, उलट ज्याला जड चालते तो नेमका येतो. गेलेले पैसे वसूल करायला म्हणून त्याच बॅटने हंगामभर खेळत राहणं हा सगळ्यात महाग पर्याय. पैसे तर येत नाहीतच, हंगामही जातो.

संघाने वर्गणी काढून बॅट घ्यायची असेल तर एक महाग घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, एक साडेनऊशे ग्रॅमची आणि एक अकराशे ग्रॅमची. अकरा जणांचे अकरा हात. कॅप्टनच्या हाताला जी बरी वाटते ती बाकीच्यांवर लादली की मग खाली नंबर आठला जाणारा बिचारा आयुष्यभर बोल्ड होत राहतो.

आणि कोकणात बॅट सांभाळायची म्हणजे पावसापासून. चार महिने भिंती घाम गाळतात, तिथे लाकडाची काय कथा. पत्र्याखालच्या माळ्यावर, चुलीच्या वर, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. उन्हात तापून ती तडकते, ओलीत बूड पाणी पिऊन फुगतं. पावसाळ्यात कपाटावर, आडवी, सुती कापडात. दवातल्या सकाळच्या मॅचनंतर बूड कोरड्या फडक्याने पुसायचं, घरी जाऊन नाही, तिथेच. बुडाला रबराची पट्टी चिकटवून घेतली तर निम्मा त्रास वाचतो. टेनिसच्या बॅटला तेल भरमसाट पाजू नका, ती फक्त जड होते.

माझी बॅट शेवटी डोंबिवलीच्या भाच्याकडे गेली, चीर-दोऱ्यासकट. त्याने ती जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घेतली आणि नेटमध्ये वापरतो. जड आहे म्हणून आवडते, म्हणतो.

त्या पोपटीच्या रात्रीनंतरच्या रविवारी तो पंचावन्न किलोचा पोरगा साडेआठ हजाराची बॅट घरी ठेवून आला होता. नॉन-स्ट्रायकरची खोबणीची बॅट घेऊन क्रीजवर गेला. मी अंपायर होतो. दुसऱ्याच बॉलला त्याने उचलून मारला, आवाज असा आला की बाहेर चहा पिणाऱ्यांनीही माना वळवल्या. बॉल समोरच्या बांधापाशी उभ्या असलेल्या फिल्डरने पाठ टेकता टेकता झेलला. आउट. पोरगा हसत हसत परत निघाला, माझ्याजवळून जाताना थांबला आणि बॅटकडे बघत म्हणाला, "दादा, हिचं वजन किती असंल?"